बेडकाच्या टेरॅरियममधली झाडं पुन्हा पुन्हा का सडतात: लक्षणं आणि तपासणीचा क्रम

टेरॅरियम म्हणजे माती आणि झाडं घालून बेडूक पाळायची काचेची पेटी. नवी झाडं लावली की दोन-तीन आठवडे ही पेटी हिरवीगार दिसते. मग खालची पानं पिवळी पडतात, देठ बुडाशी मऊ होतो आणि झाड हलकेच ओढलं तरी हातात येतं. त्याच जागी दुसरं झाड लागतं आणि त्याचीही तीच गत होते. काही पेट्यांमध्ये उलटं दिसतं: झाडं जोमात असतात, पण ती आल्यापासून बेडकाने खाणं सोडलेलं असतं.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात. इतरांच्या पेट्या दुरुस्त करताना मला मात्र बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच सापडलं आहे. काचेची पेटी म्हणजे तळाला भोक नसलेली कुंडी. जास्तीचं पाणी, खताचे क्षार, नर्सरीत मारलेलं औषध, गोगलगायीची अंडी, जे आत गेलं ते आतच राहतं. आणि त्या ओलाव्यावर बसलेला प्राणी असा, की तो सहसा तोंडाने पाणी पीतच नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषतो. मातीत जे विरघळलेलं असेल ते त्या पाण्याबरोबर त्याच्या अंगात जातं. म्हणून झाड का मेलं हे शोधताना फक्त झाडाचा विचार करून भागत नाही.

लक्षणं कशी वाचायची

झाडाकडे पाहताना जुनी पानं आणि नवी पानं वेगवेगळी पाहा.

- खालची पानं पिवळी, देठ बुडाशी तपकिरी आणि बुळबुळीत: मुळं सडताहेत.
- पानाचं टोक आणि कडा करपलेल्या, मधलं पान धड: मातीत किंवा पाण्यात क्षार जास्त आहेत.
- दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, नवी पानं लहान आणि फिकट, झाड एका बाजूला झुकलेलं: उजेड कमी पडतोय.
- ब्रोमेलियाडची (अननसाच्या कुळातल्या झाडांची) मधली पानं ओढताच सुटून येतात: गाभा सडला आहे.
- पानांना भोकं आणि आसपास वाळून चमकणारा चिकट माग: गोगलगायी आल्या आहेत.

पेटीत बघायचं ते असं: मातीखालच्या निचऱ्याच्या थरातलं पाणी मातीच्या बुडाशी असलेल्या जाळीपर्यंत चढलंय का, मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतोय का, समोरची काच दिवसभर धुकट राहते का, आणि पूर्वी दिसणारे स्प्रिंगटेल (मातीत राहून बुरशी आणि कुजकं खाणारे बारीक उड्या मारणारे जीव) नाहीसे झालेत का. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते ती सगळ्यांत मोलाची खूण आहे. तिच्याकडे पुढे परत येऊ.

बेडकाची लक्षणं: तासन्‌तास पाण्याच्या भांड्यातच बसून राहणं, किंवा माती टाळून सतत काचेवर चिकटून राहणं, पोट आणि मांड्यांचा आतला भाग लालसर होणं, कात वारंवार टाकणं किंवा तिचे तुकडे अंगाला चिकटून राहणं, भूक जाणं, पाय थरथरणं, उताणा झाला तर पालथं होता न येणं.

काही गोष्टी दोष वाटतात पण नसतात. नव्या लाकडावर आणि वाळलेल्या पानांवर पहिल्या काही आठवड्यांत पांढरी बुरशी येतेच. स्प्रिंगटेल पुरेसे असतील तर ती आपोआप ओसरते. मातीतून लहान पिवळ्या छत्र्या उगवणं, बारीक काळ्या चिलटांसारख्या माश्या दिसणं यानेही घाबरू नका. लहान बेडकांना तर त्या माश्या खायलाही मिळतात. आणि नर्सरीच्या कोरड्या हवेतून दमट पेटीत आलेलं झाड सुरुवातीला दोन-चार जुनी पानं टाकतं. नवा कोंब निरोगी असेल तर त्या झाडाला हात लावू नका. रोज उपटून मुळं बघितल्यानेच अशी बरीच झाडं मरतात.

बेडकावर लक्षण दिसत असेल तर आधी हे करा

झाडांची तपासणी नंतर. आधी बेडूक बाहेर काढा. हात स्वच्छ धुऊन, साबणाचा अंश न ठेवता, पावडर नसलेले हातमोजे घालून ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओले करा. बेडकाचं पोट आणि पाय तशाच पाण्याने हलकेच धुवा. पाणी पेटीच्या तापमानाच्या जवळपासचं हवं, गारठलेलं नको. मग झाकणाला हवेची भोकं असलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, रंग-वास नसलेल्या ओल्या पेपर टॉवेलवर त्याला ठेवा आणि लपायला काहीतरी द्या. डब्यात माती नको, झाड नको. टॉवेल रोज बदला.

झटके, थरथर, लुळे पाय किंवा लालसर पोट दिसत असेल तर इथेच थांबा आणि बेडूक-सरड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्याच दिवशी गाठा. खालची तपासणी बेडूक सुरक्षित झाल्यावर करा.

फक्त झाडं खराब असतील आणि बेडूक खात-पीत, टवटवीत असेल, तर पुढच्या क्रमाने जा. हा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. सुरुवातीच्या गोष्टींना काही खर्च नाही आणि पेटी उघडूनही ठेवावी लागत नाही. खूप लोक थेट सगळी माती बदलायला घेतात. आठवडाभर राबतात आणि मग कळतं की दोष दिव्याच्या वेळेत होता.

१. बोट आणि नाक

मातीत बोट खुपसा. निघाल्यावर बोटाला पाणी ओघळत असेल, किंवा चिमूटभर माती दाबल्यावर थेंब पडत असतील, तर ती फार ओली आहे. ओलसर आणि चिकचिकीत यातला फरक मुळांना जीव देणारा किंवा घेणारा असतो, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली पोकळी पाण्याने भरली की हवा संपते, हवेवाचून जगणारे जीवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास येत असेल तर वरून पाणी देणं लगेच थांबवा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. अर्थात बेडूक निसटणार नाही आणि पाण्याचं भांडं भरलेलं राहील याची काळजी घ्या.

मग बाहेरून तळाचा थर बघा. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा ३ ते ५ सेंटिमीटरचा थर, त्यावर बारीक जाळी आणि जाळीवर माती, अशी रचना असायला हवी. गोळ्यांमध्ये पाणी दिसणं चुकीचं नाही. ते जाळीला टेकलं की मात्र माती ते वातीसारखं वर ओढत राहते आणि कधीच कोरडी पडत नाही. कोपऱ्यात एक नळी तळापर्यंत उभी ठेवली तर तीतून बारीक पाइप घालून पाणी खेचून काढता येतं. ही सोय नसेल तर पेटी एका बाजूला थोडी कलती करून कोपऱ्यातून पाणी काढा.

सडण्याच्या तक्रारीतल्या पुष्कळशा पेट्या इथेच सुटतात. पाणी काढायचं, पाण्याची फवारणी निम्मी करायची आणि दोन आठवडे थांबायचं. समोरची काच सकाळी धुकट आणि दुपारपर्यंत बरीचशी स्वच्छ, एवढा ओलावा बहुतेक पावसाळी जंगलातल्या बेडकांना आणि झाडांना मानवतो.

२. उजेड

दिव्याला टायमर नसेल तर आधी तो लावा. दहा ते बारा तास उजेड आणि बाकी पूर्ण अंधार, रोज एकाच वेळी. पांढऱ्या एलईडीवर ५००० ते ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर पानं चांगली वाढतात. उजेड कमी असला की झाड पाणी कमी ओढतं. म्हणजे पाणी तेवढंच देऊनही माती जास्त ओली राहते आणि सगळे म्हणतात, पाणी जास्त झालं. म्हणूनच ही तपासणी पाण्याच्या लगेच मागे आहे.

उजेड वाढवायला पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, थोडा वेळसुद्धा. बंद काचेत ऊन शिरलं की तापमान काही मिनिटांत चढतं. पाळल्या जाणाऱ्या अनेक बेडकांसाठी, विशेषतः डार्ट फ्रॉगसाठी, ३० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान जिवावर बेततं.

३. पाणी कुठलं देता

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्याने ते बरंचसं उडतं. क्लोरामीन मात्र उडत नाही, त्याला पाणी शुद्ध करणारं ॲक्वेरियमचं द्रावणच लागतं. तुमच्या पाण्यात नेमकं काय घालतात हे माहीत नसेल तर सरळ ते द्रावण वापरा.

पाणी जड असेल तर पानांवर आणि काचेवर पांढरे डाग पडतात, आणि प्रत्येक फवारणीबरोबर थोडा क्षार पेटीत मुक्कामाला येतो. फवारणीसाठी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी चांगलं. पण बेडकाच्या बसायच्या भांड्यात निव्वळ डिस्टिल्ड पाणी ठेवू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि बेडकाच्या अंगातले क्षार कातडीवाटे बाहेर ओढले जातात. भांड्यासाठी क्लोरीन काढलेलं साधं पाणीच योग्य.

४. झाड कोणतं, बेडूक कोणता

ही तपासणी पटकन होते. जाडजूड झाडबेडूक पातळ देठाच्या फिटोनियावर रोज उडी मारत असेल तर झाड आजारी नाही, तुडवलं जातंय. पॅकमॅन बेडूक स्वतःला मातीत गाडून घेतो आणि मुळं उपटतो. त्याच्या पेटीत झाड छोट्या कुंडीसकट पुरलेलं किंवा वर लाकडावर बांधलेलं टिकतं. मनीप्लांट, सिंगोनियम, हार्टलीफ फिलोडेंड्रॉन ही दणकट झाडं जवळजवळ प्रत्येक पेटीत तग धरतात. पहिल्यांदा लावणाऱ्याने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. काटेरी झाडं, निवडुंग आणि तोडल्यावर पांढरा चीक गाळणारे युफोर्बिया बेडकाच्या पेटीत नकोतच.

ब्रोमेलियाडबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. निओरेगेलियासारखी झाडं निसर्गात फांद्यांवर वाढतात. त्यांची मुळं मुख्यतः पकड घेण्यासाठी असतात. ओल्या मातीत ती खोल पुरली की बूड सडतं. लाकडाच्या खाचेत बसवा, बुडाशी थोडं शेवाळ ठेवा, माती अजिबात नको.

५. एक झाड उपटून बघा

वरच्या चारही गोष्टी ठीक असतील तर आता खणायची वेळ आली. सगळी झाडं नकोत. सगळ्यांत वाईट दिसणारं एक निवडा, मुळांसकट बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा.

निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतं. सडलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत धाग्यासारखी शीर उरते. पण मुळांपेक्षाही त्यांच्या मधोमध काय आहे ते बघा. नर्सरीच्या कुंडीच्या आकाराचा काळा, घट्ट गोळा जसाच्या तसा दिसला, तर दोष सापडला असं समजायला हरकत नाही. मी ज्या पेट्या उघडते, त्यांतल्या वारंवार बिघडणाऱ्या पेट्यांमध्ये हा गोळा हमखास सापडतो.

हा गोळा तीन तऱ्हेने नडतो. तो पीट किंवा कोकोपीटचा असतो आणि बाजूच्या भरड मिश्रणापेक्षा जास्त पाणी धरतो. पेटीची माती बरोबर ओली असतानाही मुळं चिखलात राहतात. त्यात बहुधा मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळे, हिरवट किंवा तपकिरी गुळगुळीत मणी असतात. ते हळूहळू सुटणारं खत. अंड्यासारखे दिसतात म्हणून लोक त्यांना गोगलगायीची अंडी समजतात. दाबून बघा: खताचा मणी फुटला की आत द्रव किंवा पांढरं मीठ निघतं. गोगलगायीची अंडी पारदर्शक, मऊ आणि एकत्र पुंजक्यात असतात. खताचे मणी महिनोन्महिने क्षार सोडत राहतात. कुंडीत ते पाण्याबरोबर भोकातून निघून जातात, पेटीत साठतात. पानांची टोकं त्यानेच करपतात, आणि बेडूक बसतो तो त्याच ओलाव्यावर. गोळ्यात आणखी एक गोष्ट असते, पांढरे हलके परलाइटचे कण. भक्ष्यावर झेप घेताना बेडूक ते गिळतो आणि ते पोटात अडकू शकतात.

म्हणून नवं झाड कुंडीतून काढून सरळ पेटीत लावायचं नाही, हा नियम मी कुठल्याही झाडासाठी मोडत नाही.

६. मुळं धुणं आणि झाड वेगळं ठेवणं

झाड बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे गोळा सैल होतो. मग बोटांनी आणि जुन्या टूथब्रशने, वाहत्या पाण्याखाली, मुळं अगदी उघडी पडेपर्यंत माती काढा. खताचे मणी मुळांच्या जाळ्यात अडकतात, ते चिमट्याने एकेक काढावे लागतात. बारीक मुळं तुटली तर वाईट वाटून घेऊ नका, ती परत येतात. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. पानं दोन्ही बाजूंनी धुवा. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, पानाखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. कीड दिसलेलं झाड पुढे आणखी लांब वेगळं ठेवायचं.

मग खत नसलेल्या ताज्या मिश्रणात, तळाला भोकं असलेल्या कुंडीत झाड लावा. भरड मिश्रण हवं. अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावाने ओळखलं जाणारं एबीजी मिश्रण यासाठी आणि पेटीसाठीही उत्तम: दोन भाग ट्री-फर्नचा तंतू, दोन भाग ऑर्किडची साल, आणि पीट, कोळसा, बारीक केलेलं स्फॅग्नम शेवाळ प्रत्येकी एक भाग. त्यात दगडी किंवा शेगडीचा कोळसा नको, बागकामाचा लाकडी कोळसाच हवा. एकट्या कोकोपीटवर मात्र मी विसंबत नाही. तो काही महिन्यांत घट्ट बसतो, शिवाय काही कोकोपीट खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या काथ्याचा असतो. वापरायचाच असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या.

या कुंडीत झाड किमान चार आठवडे पेटीबाहेर राहू द्या. दर आठवड्याला एकदा भरपूर पाणी ओता, खालून वाहून जाईल इतकं. टीडीएस मीटर हाताशी असेल तर ओतलेल्या आणि खालून निघालेल्या पाण्याचं मोजमाप करा. खालच्या पाण्याचा आकडा वरच्यापेक्षा खूप जास्त येत असेल तर कुठेतरी खत शिल्लक आहे. दोन्ही आकडे जवळ आले की क्षार निघाले. एवढं मात्र लक्षात ठेवा: हा मीटर विरघळलेले क्षार सांगतो, कीटकनाशक सांगत नाही.

याच चार आठवड्यांत अंड्यांतून गोगलगायी बाहेर येतात. रात्री कुंडीवर ओल्या पानाचा किंवा काकडीच्या कापाचा तुकडा ठेवा आणि सकाळी उचलून खालची बाजू बघा. दर वेळी काही सापडतंय तोवर झाड पेटीत जाणार नाही.

७. औषधाचा प्रश्न

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. पानं नीट धुतली की फवारणी निघून जाते, हे स्पर्शजन्य औषधांबाबत काही अंशी खरं आहे. आंतरप्रवाही औषधांबाबत मुळीच नाही. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं खूप वापरलं जाणारं. ते मातीत दिलं जातं, मुळं ते शोषतात आणि रसाबरोबर ते पानापानांत पोहोचतं. धुण्याने ते निघत नाही. मातीत आणि झाडात ते महिनोन्महिने टिकू शकतं. मुळं उघडी करून माती टाकून दिली तर त्याचा साठा कमी होतो, एवढंच.

मग काय करायचं? माझ्या पसंतीचा मार्ग असा. झाड पेटीबाहेर वाढू द्यायचं, त्याला नवे फुटवे येऊ द्यायचे, त्यांची छाट काढून पाण्यात किंवा शेवाळात मुळं धरायची आणि पेटीत फक्त ती छाटच न्यायची. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पेपेरोमिया यांच्याबाबत हे सोपं आहे. नर्सरीतली माती, खताचे मणी, अंडी आणि औषधाचा बराच भाग एका फटक्यात मागे राहतो. वेळ लागतो, पण वेळेखेरीज काही खर्च होत नाही. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत निर्जंतुक जेलमध्ये वाढवलेली) बंद डब्यातली रोपं मिळत असतील तर तीही चांगली. कीटक आणि गोगलगायी त्यात नसतात. पोषक जेल मात्र पूर्ण धुऊन काढा, नाहीतर बुरशी धरते.

शंका असलेल्या झाडाची परीक्षा स्प्रिंगटेलवर करता येते. फोल्सोमिया कँडिडा हा पेट्यांमध्ये सर्रास सोडला जाणारा पांढरा स्प्रिंगटेल मातीतलं प्रदूषण तपासण्यासाठी प्रयोगशाळांतही वापरतात. आयएसओ ११२६७ ही प्रमाणित चाचणी त्याच्यावर बेतलेली आहे आणि ती २८ दिवसांची असते. घरी तितकी काटेकोर चाचणी होत नाही, पण कल्पना तीच. वेगळ्या ठेवलेल्या झाडाच्या कुंडीतली ओलसर माती आणि बारीक केलेली दोन-तीन पानं एका बरणीत घाला. दुसऱ्या बरणीत तेच मिश्रण, पण झाडाचा संपर्क नसलेलं. दोन्हींत सारखेच स्प्रिंगटेल सोडा, चिमूटभर यीस्ट टाका, झाकण लावा आणि आठवड्यातून एकदा उघडून हवा द्या. चार आठवड्यांनी पहिली बरणी ओस आणि दुसरी गजबजलेली दिसली तर ते झाड पेटीत नको. दोन्हींत सारखी वाढ असेल तर धोका कमी आहे, शून्य नाही.

पेटीतले स्प्रिंगटेल अचानक नाहीसे होण्याला मी इतकं महत्त्व का देते, ते आता कळलं असेल. बेडकाला त्रास जाणवण्याआधी बऱ्याचदा तेच संपतात.

आणि पेटीच्या आत कोणतंही औषध मारू नका. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक आहे, साबणाचं पाणी सौम्य आहे, असं म्हणून लोक ती वापरतात. तेल आणि साबण दोन्ही बेडकाच्या कातडीवर बसतात, आणि तीच कातडी त्याच्या श्वासाचंही काम करते. तांबं असलेली बुरशीनाशकंही नकोत, उभयचरांना तांबं विषारी असतं. कीड लागलेलं झाड बाहेर काढायचं. बाहेर त्याच्यावर काही फवारलंच तर ते पुन्हा पेटीत येणार नाही असं धरून चालायचं.

८. ब्लीचचं पाणी

दुसऱ्या बेडकाच्या पेटीतून आलेलं झाड असेल तर आणखी एक धोका असतो, कायट्रिड बुरशीचा. बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या बुरशीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं. ती बेडकाच्या कातडीवर वाढते आणि पाण्यातून पसरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात ५०१ उभयचर प्रजातींच्या घटीचा संबंध कायट्रिड बुरशीशी जोडला आहे. ओल्या झाडावरून आणि शेवाळावरून ती एका पेटीतून दुसरीत जाऊ शकते. पूर्ण सुकल्यावर ती मरते, पण झाड सुकवता येत नाही, म्हणून ब्लीच.

सुगंध आणि फेस नसलेलं साधं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी १९ भाग. मुळं धुऊन झालेलं, जाड पानांचं झाड त्यात पाच मिनिटं बुडवा. हवेशीर जागी, हातमोजे घालून हे करा, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. मग वाहत्या पाण्याखाली खूप वेळ धुवा आणि क्लोरीन काढणाऱ्या द्रावणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. ब्लीचचा जरासाही वास उरला तर पुन्हा धुवा. नेचे, शेवाळ, सेलाजिनेला यांना हे सोसत नाही, ती मरतात. दुसऱ्या पेटीतलं शेवाळ घेऊच नका, हे त्यामुळे जास्त सोपं. ब्लीचने आंतरप्रवाही औषध निघत नाही आणि गोगलगायीची सगळी अंडीही मरत नाहीत. म्हणून ते सहाव्या पायरीच्या जागी चालत नाही, तिच्या जोडीला चालतं.

९. पेटी पूर्ण रिकामी करणं

ही शेवटची पायरी, आणि फक्त तीन परिस्थितींत करावी: पाणी काढूनही दोन-तीन आठवड्यांत मातीचा सडका वास गेला नाही, खताचे मणी सगळ्या मातीत पसरले आहेत, किंवा बेडकाला विषबाधा किंवा संसर्ग झाल्याचं निदान झालं आहे. माती, शेवाळ, वाळलेली पानं सगळी टाकायची. लाकूड संशयास्पद असेल तर तेही, कारण ते पाणी आणि त्यातलं सगळं शोषून ठेवतं. काच आणि गोळ्या ब्लीचने धुऊन, खळखळून, पूर्ण सुकवायच्या. नव्या मांडणीत आधी झाडं आणि स्प्रिंगटेल जातात, आणि चार ते सहा आठवड्यांनी, मुळं धरलेली दिसल्यावर, बेडूक. बेडकाला तोवर साध्या डब्यात ठेवणं निष्ठुरपणाचं वाटतं. तसं नाही. ओला टॉवेल, लपायची जागा आणि रोजची सफाई असेल तर तो तिथे अर्धवट मुरलेल्या पेटीपेक्षा सुखात असतो.

जुनी माती, झाडं आणि पेटीतलं पाणी बागेत, ओढ्यात किंवा तळ्याकाठी टाकू नका. बाहेरच्या बेडकांपर्यंत रोग असाच पोहोचतो. माती उन्हात पूर्ण सुकवून, पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. पाण्यात ब्लीच घालून ते तासभर ठेवा आणि मग सांडपाण्याच्या गटारात सोडा.

कुठे थांबायचं

झाडाचा प्रश्न असेल तर तुम्ही वाटेल तेवढे प्रयोग करू शकता. बेडकाच्या बाबतीत नाही. स्वच्छ डब्यात ठेवूनही लहान बेडूक दोन-तीन दिवसांत आणि मोठा बेडूक आठवड्यात खाऊ लागला नाही, कात सतत सुटत राहिली, अंग लाल दिसलं, सूज आली किंवा पाय नीट हलेनात, तर घरगुती उपाय बंद. एकापाठोपाठ दोन बेडूक दगावले असतील तर उरलेल्यांसाठी लक्षण दिसायची वाट बघू नका. कायट्रिड डोळ्यांनी ओळखता येत नाही. पशुवैद्य कातडीवर बोळा फिरवून नमुना घेतात आणि पीसीआर तपासणी करवतात. बुरशीवरचं औषध कोणतं, किती पातळ आणि किती वेळ हे त्यांनीच ठरवायचं. माणसाच्या किंवा माशांच्या औषधाचा अंदाजाने केलेला वापर बेडकाला मारू शकतो.

जाताना बेडकाबरोबर या गोष्टी न्या: पेटीचे फोटो, बेडकाच्या पोटाचा फोटो, तापमानाची नोंद, वापरत असलेल्या पाण्याची आणि द्रावणाची माहिती, शेवटचं झाड कधी लावलं ती तारीख, त्या झाडाचं लेबल असेल तर ते, आणि मूठभर माती व दोन पानं वेगळ्या बंद पिशवीत. बेडूक दगावला असेल तर त्याला गोठवू नका. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या थंड कप्प्यात अन्नापासून वेगळं ठेवा आणि लवकरात लवकर पोहोचवा. गोठवल्याने पेशी फुटतात आणि कारण शोधणं अवघड होतं.